भावना मराठीत, घटक इंग्रजीत

खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दावे यांबद्दल एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, २०१८ साली नियम केले. त्यात एक बारीकसं कलम आहे. ‘घरी केलेलं’, ‘घरी शिजवलेलं’ असे गिऱ्हाइकाचा गैरसमज करून देणारे शब्द उत्पादकाने वापरू नयेत, असं ते सांगतं. वाचून हसू येतं. एप्रिल लागला की कुठल्याही मोठ्या दुकानातली सरबतांची फळी बघा. ‘घरगुती चव’, ‘आजीच्या हातचं’, ‘अस्सल कोकणी’, ‘माहेरची आठवण’. जिथे दिवसाला हजारो बाटल्या भरल्या जातात त्या कारखान्यात आजी नेमकी कुठे बसते, हे विचारायचं नसतं.

परवा अशीच एक कोकम सरबताची बाटली हातात घेतली. दर्शनी बाजूला कौलारू घर, तुळशीवृंदावन, नऊवारीतली हसरी आजी आणि मायेच्या चवीबद्दल मराठीत दोन ओळी. अक्षरं ठसठशीत, वळणदार. बाटली फिरवली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं : साखर, पाणी, कोकमाचा अर्क, आयएनएस ३३०, आयएनएस २११, आयएनएस १२२. म्हणजे सायट्रिक आम्ल, सोडियम बेंझोएट आणि कार्मोइसिन नावाचा कृत्रिम लाल रंग. उत्पादकाने काही लपवलं आहे असं म्हणता येत नाही. सगळं छापलंय. फक्त भावना मराठीत छापलीय आणि घटक इंग्रजीत. माझं भांडण आहे ते या वाटणीशी.

आधीच सांगून टाकतो, बाटलीतल्या सरबताशी माझं वैर नाही. सोडियम बेंझोएट ठरलेल्या मर्यादेत घातलं तर सरबत वर्षभर टिकतं, बुरशी धरत नाही. ते घालणं म्हणजे विष कालवणं नव्हे. सायट्रिक आम्ल तर लिंबातही असतं. कृत्रिम रंगांनाही कायद्याने मर्यादा घालून दिलेली आहे. मुंबईत तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहणाऱ्या, सकाळी सात बेचाळीसची लोकल पकडणाऱ्या माणसाने रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बरण्या उन्हात ठेवाव्यात, असं सांगणारा मी कोण? ऊनच येत नाही त्या खोलीत. त्याने बाटली आणावी, खुशाल प्यावी. पण आपण काय पितोय हे त्याला त्याच्या भाषेत कळावं, आणि जे नाही ते आहे असं त्याला कोणी भासवू नये.

आता पन्ह्याकडे येऊ, कारण या सगळ्या प्रकाराची गोम पन्ह्यात नीट दिसते. चैत्रात कैऱ्या येतात, चैत्रगौरीचं हळदीकुंकू येतं, आणि त्याबरोबर कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं. करायला काही म्हणजे काही लागत नाही. दोन कैऱ्या कुकरला लावायच्या. गार झाल्या की साल हाताने सुटते. कोयीला चिकटलेला गर चमच्याने नाही, बोटांनीच काढावा लागतो, आणि कोय शेवटी कोणीतरी चोखतंच. गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, चवीला मीठ, वेलदोडा, असलं तर केशराच्या दोन काड्या. काही घरांत कैऱ्या निखाऱ्यावर भाजतात आणि जिरं घालतात. त्या पन्ह्याला धुरकट वास असतो आणि ज्याला तो आवडतो त्याला मग दुसरं पन्हं फिकं वाटतं. साखरेचं की गुळाचं, यावर तर दोन सख्ख्या जावांचं एकमत होणार नाही.

पण कसंही करा, पन्हं हिरवं होत नाही. कैरीच्या सालीला, सालीलगतच्या गराला जो हिरवा रंग असतो तो हरितद्रव्याचा. आंबट गरात ते तापलं की त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी, मळकट होतो. त्यात गूळ पडला की आणखी तपकिरी. पन्हं दिसायला तसं बेताचंच. पेल्याच्या तळाशी गर बसतो, वर थोडे धागे तरंगतात.

बाजारातलं पन्हं मात्र बऱ्याचदा पोपटी असतं. कैरी हिरवी, मग पन्हं हिरवं, असा हिशेब. आणि हा हिशेब डोळ्यांत इतका बसतो की ओळखीच्या एका घरात आठ-नऊ वर्षांच्या मुलीने घरचं पन्हं बघून आईला विचारलं, “हे खराब झालंय का?” त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिने पन्हं पाहिलं होतं ते पोपटीच.

नकली वस्तू विकली जाते, चार पैसे जास्त जातात, हे नुकसान त्या मानाने किरकोळ. खरं नुकसान हे की काही वर्षांनी नकलीच मापदंड होते आणि खऱ्यालाच आपण खरे आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं. पिस्त्याचं आइस्क्रीम गडद हिरवं नसलं की ‘पिस्ता कमी घातलाय’ असं वाटतं. आंब्याचंही तेच. अढीत, गवतात पिकलेला हापूस देठाशी हिरवट, कुठे पिवळा, कुठे केशरी, एखाद्या कुशीला सुरकुतलेला असा असतो. पेटीतली सगळी फळं एकाच दिवशी, एकाच छटेची पिवळीधमक दिसली तर खरं म्हणजे शंका यायला हवी. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे. ठरावीक मर्यादेत इथिलीन वायू चालतो. बंदी असूनही दर हंगामात कार्बाइडचे छापे पडतात, कारण गिऱ्हाइकाला एकसारखं पिवळं फळ हवं असतं. ते तसं हवं हे त्याला बाजारानेच शिकवलं.

आइस्क्रीमचा किस्सा तर कोर्टात गेलेला आहे. नियमाप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के हवा. मध्यम आणि कमी स्निग्धांशाची आइस्क्रीमं वेगळी सांगावी लागतात. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल किंवा वनस्पती स्निग्धांश वापरला की त्या पदार्थाचं नाव ‘फ्रोझन डेझर्ट’. यावरून २०१७ साली अमूलच्या जाहिरातींविरुद्ध तेव्हा फ्रोझन डेझर्ट विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयाने त्या जाहिराती थांबवायला सांगितल्या. त्या वादात कोणाचं बरोबर होतं हे बाजूला ठेवू. तेल वाईट आणि तूप चांगलं असा निवाडाही मला करायचा नाही. माझी तक्रार अशी की लग्नाच्या मांडवात, हॉटेलात, चौपाटीवर मी आजवर ‘फ्रोझन डेझर्ट’ हे शब्द कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. कागदावर दोन नावं आहेत, तोंडात एकच. पंगतीत वाढपी विचारतो, “आइस्क्रीम घेणार?” आणि आपण घेतो.

ज्यांनी पॉटचं आइस्क्रीम फिरवलंय त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मधे आटवलेल्या दुधाचा डबा, वर दांडा. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या खाली जातं, म्हणून दूध गोठतं. हे शास्त्र नंतर कळलं, आधी कळलं ते हे की दांडा जड होत जातो आणि पाळी टाळणारी भावंडं तेव्हाच पळतात. निघालेलं आइस्क्रीम दाताखाली थोडं करकरतं, अर्ध्या तासात पाणी होतं. दुकानातलं त्याहून मऊ असतं, जास्त वेळ टिकतं, आणि मला विचाराल तर कित्येकदा जास्त चांगलंही लागतं. ते चांगलं असायला काहीच हरकत नाही. त्याने आपलं नाव सांगावं, एवढंच.

पण सगळं खापर कारखान्यावर फोडून मोकळं होता येत नाही. ‘घरगुती’ या शब्दाला एवढा भाव आला कसा? तो आपण दिला. घरात पाहुणे येतात, दुकानातलं आम्रखंड डब्यातून काढून चांदीच्या नाहीतर काचेच्या वाटीत जातं, वर पिस्त्याचे काप पडतात आणि ‘घरीच केलंय’ हे वाक्य कोणीतरी बोलून जातं. कोणाला फसवायचं नसतं. आपण कुठे कमी पडलो हे दिसू द्यायचं नसतं. आणि ही कमी पडल्याची बोच बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. आम्रखंड विकतचं आहे म्हणून घरच्या पुरुषाला अजून कोणी टोमणा मारलेला मी ऐकलेला नाही. नोकरी करून, मुलांचं बघून, सासूबाईंचं औषधपाणी सांभाळून वर तिने मे महिन्यात कुरडयाही घालाव्यात, अशी अपेक्षा उघडपणे आता कोणी करत नाही. पण तिच्या मनात ती असतेच. बाटलीवरची आजी तिलाच उद्देशून हसत असते. ‘तू नाही केलंस तरी चालेल, मी केलंय’ असं सांगते आणि त्या दिलाशाचे पैसे घेते.

म्हणून ‘आमच्या वेळी सगळं घरीच व्हायचं’ हा सूर मला पटत नाही. व्हायचं खरं, कोण करायचं? कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, चीक बसू द्यायचा, आणि मग भर उन्हाळ्यात चुलीसमोर उभं राहून तो चीक घोटायचा. गुठळी झाली तर बोलणी खायची. सोऱ्या दाबून दाबून तळहाताला फोड येत. त्या कष्टांना तेव्हा कोणी मोल दिलं नाही. आता त्याच कष्टांचं चित्र काढून दुसराच कोणीतरी मोल वसूल करतो, आणि जिने ते केले तिला त्यातला छदामही मिळत नाही. मला तर यात फसवणुकीपेक्षा उद्धटपणा जास्त दिसतो.

माझ्या बघण्यात एक बाई आहेत. पाहुण्यांपुढे पेले ठेवताना त्या सरळ सांगतात, “बाटलीतलं आहे हो, यंदा काही करायला झालं नाही.” कोणाच्या चेहऱ्यावर आठी पडत नाही. उलट गप्पा सैल होतात. समोरची बाईही कबूल करते की तिच्याकडचं लोणचं तीन वर्षं विकतचंच आहे. असल्या छोट्या खरेपणाने घरातली कितीतरी उसनी धावपळ थांबते. आणि ज्यांना करायचंय त्यांनी करावं, बायकांनीच असं नाही. कुकरची शिट्टी पुरुषांनाही ऐकू येते.

आता कायद्याकडे परत. आपल्याकडे खरं सांगण्याची सक्ती आहे, पण ते बारीक अक्षरांत सांगितलं तरी भागतं. २०१८ च्या त्याच नियमांत म्हटलंय की ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’, ‘खरा’ अशा अर्थाचे शब्द ब्रँडच्या नावातच असतील आणि त्यामुळे दिशाभूल होण्यासारखी असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे’ अशी सूचना छापावी. अक्षराची उंची किमान तीन मिलिमीटर. म्हणजे नावात अस्सलपणाचा दावा करा आणि खाली तीन मिलिमीटरमध्ये तो मागे घ्या. दोन्ही एकाच वेष्टनावर, दोन्ही कायदेशीर.

ही पद्धत चालत नाही हे प्राधिकरणालाच एका प्रकरणात मान्य करावं लागलं. उन्हाळ्यात जुलाब, उलट्या, ऊन लागणं यावर ओआरएस, म्हणजे आपली जलसंजीवनी, हा जीव वाचवणारा उपाय. घरीही होतो : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे प्रमाण महत्त्वाचं, कारण साखर जास्त झाली तर जुलाब आणखी वाढू शकतात. आणि नावात ओआरएस मिरवणारी, भरपूर साखरेची गोड पेयं औषधांच्या दुकानांत सर्रास विकली जात होती. २०२२ आणि २०२४ मध्ये प्राधिकरणाने ‘हे ओआरएस नव्हे’ अशी सूचना छापण्याच्या अटीवर ती नावं चालू दिली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये ती सवलत मागे घेतली गेली. तापलेल्या मुलाला घेऊन रात्री दहा वाजता औषधाच्या दुकानात उभा असलेला बाप बारीक अक्षरं वाचत नाही, तो नाव वाचतो. सरबताच्या बाटलीवर जीव अवलंबून नसतो हे खरं. पण वाचणाऱ्याची रीत तीच असते.

फळांच्या रसाचंही पाहा. पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापायचं नाही, असा आदेश जून २०२४ मध्ये निघाला. आंब्याचं चित्र असलेल्या, पटकन उघडून प्यायच्या ‘फ्रूट ड्रिंक’मध्ये फळाचा अंश १० टक्के असला तरी नियम पाळला जातो. उरलेलं मुख्यतः पाणी आणि साखर. वेष्टनावर मात्र अख्खा हापूस असतो, तोही कापलेला, रस गळत असलेला.

मग करायचं काय? माझी सूचना एका ओळीची आहे. वेष्टनावर ज्या भाषेत मिरवाल, त्याच भाषेत आणि वाचता येतील अशा अक्षरांत घटकही सांगा. आजच्या नियमाप्रमाणे वेष्टनावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली की पुरते. इतर भाषा उत्पादकाच्या मर्जीवर. त्यामुळे मराठी ही वेष्टनावर फक्त लाडीगोडी लावायला येते. मालवणी माया मराठीत, कार्मोइसिन इंग्रजीत. ज्या आजीचं चित्र काढलंय तिला स्वतःला ती बाटली वाचायला दिली तर तिला तिची स्तुती तेवढी वाचता येईल.

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण केवढं रान उठवलं. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. चांगलं झालं, माझा त्या मागणीला पाठिंबाच होता. पण पाटी मराठी नसली म्हणून कोणी चुकून दुसऱ्याच दुकानात शिरत नव्हतं. आत काय खपतंय, पोटात काय जातंय, हे कळणं जास्त निकडीचं होतं, आणि त्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांच्या डब्यांवर घटक कुठल्या भाषेत होते, कोण जाणे.

युरोपीय संघाने २०११ च्या नियमात सांगून ठेवलंय की जिथे पदार्थ विकला जातो तिथल्या गिऱ्हाइकाला सहज समजेल अशा भाषेत माहिती हवी. तिथेही एकच बिस्किट डझनभर देशांत जातं. कंपन्या बुडालेल्या नाहीत. आपल्याकडे उत्पादक म्हणतील, एवढ्या भाषा छापायला जागा नाही. बावीस भाषा कोणी मागितलेल्याच नाहीत. फक्त इंग्रजीत विकणार असाल तर इंग्रजी पुरे. मराठी मनाला हात घालायचा असेल तर मराठीत हिशेब द्या. आणि जागेचं म्हणाल तर कौलारू घराचं एक पाखं कमी केलं तरी चार ओळी सहज बसतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : मराठीत छापलं तरी वाचतो कोण? सगळे वाचणार नाहीत, कबूल. पण किंमत आणि तारीख आपण वाचतोच, कारण ती कळते. हिरवा ठिपका आहे का हे तर उपासाच्या दिवशी आजोबाही चष्म्याशिवाय बघतात. जे कळतं ते बघितलं जातं. वेष्टनाच्या दर्शनी बाजूला साखर, मीठ आणि स्निग्धांश यांची ठळक सूचना असावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितल्या, पुढे मुदत वाढवून घेतली गेली. तो निर्णय व्हायला हवाच. शिवाय छापण्याचा परिणाम वाचणाऱ्यावर जेवढा होतो तेवढाच छापणाऱ्यावरही होतो. ‘आजीच्या हातचं’ या शब्दांखाली तेवढ्याच मोठ्या मराठी अक्षरांत ‘कृत्रिम लाल रंग’ असं लिहायची वेळ आली, तर दोहोंतलं एक आपोआप गळेल. मला वाटतं बहुधा आजी गळेल. रंग स्वस्त पडतो. गळू दे.

तिसरी गोष्ट खऱ्या घरगुतीवाल्यांची, आणि इथे मला थोडं थांबायचंय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोकम सरबत अजून जुन्या पद्धतीने होतं. एप्रिल-मे महिन्यात रातांबे पिकतात. ते फोडून बिया काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत थर लावायचे आणि तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवायची. साखर हळूहळू रस ओढून घेते. आठ-दहा दिवसांत बरणीत गडद लाल पाक सुटतो. बिया फेकत नाहीत, त्यांचं तेल निघतं. सगळी लढाई पावसाशी. पहिली वळवाची सर आली की झाडावरचं फळ खाली येतं, आणि अंगणातल्या बरण्या आत न्यायला घरातलं प्रत्येक माणूस धावतं. या सरबताचा रंगही कायम राहत नाही. उजेडात, उष्णतेत तो महिन्यागणिक तपकिरीकडे झुकतो, तळाशी साका बसतो. खऱ्या कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर लाल रंग पालटून काळपट-निळसर होतो. कृत्रिम लाल आहे तसाच राहतो. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे, पोरांना आवडतो.

हे सरबत करणारी बाई जेव्हा बाजारात बाटली ठेवते, तेव्हा शेजारी टवटवीत लाल, वर्षभर न बदलणारी, तिच्याहून स्वस्त आणि तिच्याहून जास्त ‘घरगुती’ दिसणारी बाटली असते. गिऱ्हाईक तिला विचारतं, “तुमचं असं काळं का?” मग पुढच्या वर्षी तीही चिमूटभर रंग घालते. बचत गटाचं म्हणजे आपोआप अस्सल, असं समजायचं कारण नाही. काही गट रंग घालतात आणि तेही सांगत नाहीत, कित्येक बाटल्यांवर तर घटकच छापलेले नसतात. पण त्यांना तिथवर ढकललं कोणी, हेही बघायला हवं. खोट्याची किंमत शेवटी खरं करणाऱ्याने मोजली.

हापूसच्या बाबतीत आपण हे ओळखलं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत विकला जातो म्हणून ओरड झाली, २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादक संस्थेने फळागणिक क्रमांकाचे स्टिकर काढले. पेटीवरचं नाव राखता येतं, ते राखायला लोक एकत्र येतात, हे त्यात दिसलं. ‘घरगुती’ला असं कोणी वाली नाही, कारण तो कुठल्या एका तालुक्याचा माल नाही. तो राखायचा तर सरकारलाच पुढे व्हावं लागेल. आणि ते छाप्यांनी होणार नाही. छापा पडला की आधी सापडते ती घरात चार डझन बाटल्या भरणारी बाई, कारखाना नव्हे, त्याच्याकडे वकील असतो. त्या बाईला छापील लेबलाचा नमुना द्या, तपासणीची सोय तालुक्याला द्या, आणि ‘रंग घातलेला नाही, काही महिन्यांनी तपकिरी होईल’ हे मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. गिऱ्हाइकाने विचारलेल्या ‘असं काळं का’चं उत्तर तिला तोंडाने द्यावं लागणार नाही.

वेष्टनाचे नियम केंद्राचे आहेत, राज्याचे हात बांधलेले आहेत, असं उत्तर येईल हे माहीत आहे. पण ग्रामीण बचत गटांचं महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन राज्य सरकारच भरवतं; गाळे तेच देतं, अटीही तेच घालतं. पुढच्या वर्षीपासून तिथे ठेवलेल्या प्रत्येक बाटलीवर, पाकिटावर घटक मराठीत आणि दर्शनी बाजूला हवेत, ही एक अट त्यात वाढवता येईल. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. लेबल छापणाऱ्याला मजकूर वेळेत द्यावा लागतो.